सगळ्यांचा एकच ‘के’

अठ्ठ्याण्णव साली सी प्लस प्लस या संगणकाच्या भाषेचे प्रमाण नियम मंजूर झाले, तेव्हा बेलापूरच्या आमच्या चार टेबलांच्या ऑफिसात मी एका रक्तपेढीसाठी, रक्तगट टाकला की जुळणारी पिशवी शोधून देणारा प्रोग्राम लिहीत होते. आमचा कोड तपासून मशीनच्या भाषेत उतरवणारा नवा कंपायलर आल्यावर ‘नव्या नियमांनी चाल’ हा त्याचा पर्याय मी चालू केला. एकही चूक निघाली नाही! मी तोऱ्यात खुर्ची मागे ढकलली. “बघा, याला म्हणतात कोड!”

तपासणीचं काम आपांकडे होतं. उरणच्या, आधी रक्तपेढीतच नोकरीला होत्या. “थांब गो, शेखी नंतर मिरव,” म्हणत त्या मशीनवर बसल्या. “माझ्या मुलीचाच रक्तगट घालते. गुरुवारी तिला तिथलंच रक्त चढायचंय.” मुलीला थॅलसेमिया होता, दर महिन्याला रक्त लागायचं.

त्यांनी ओ पॉझिटिव्ह टाइप केलं. मशीनने फ्रीजमधली पहिली पिशवी दाखवली. ती बी गटाची होती. पुन्हा टाकलं, पुन्हा तीच. आपांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला.

“काल बरोबर दाखवत होतं हो! मी एक अक्षर बदललेलं नाही!” मी उगाच त्यांच्यावर खेकसले.

दुपारभर शोधलं तेव्हा कळलं. आमच्या ऑफिसची एक खोड होती. पिशव्या मोजायचा ‘के’ नावाचा आकडा सगळ्या शोधांसाठी मिळून एकदाच सर्वांत वर लिहून ठेवायचा, आणि तरीही प्रत्येक शोधात पुन्हा आपापला नवा के लिहायचा. जुन्या नियमात शोध संपला तरी त्याचा के जिवंत राहायचा. कितव्या पिशवीवर थांबलो ते तोच सांगायचा. आता शोध संपला की तो के संपला. उरला सगळ्यांचा के, आणि तो कायम पहिल्याच पिशवीवर.

मी थक्क झाले. कुठल्या तरी परदेशी सभागृहात माणसांनी नियमाच्या बाजूने हात वर केले, आणि बेलापुरात माझ्या जशाच्या तशा ओळीचा अर्थ बदलला! राग यायला हवा होता. पण नियम त्यांचाच रास्त होता. मला कधी न पाहिलेल्या लोकांनी माझा आळस ओळखला होता, बाई!

मी सगळ्यांचा के काढून टाकला. शोधाबाहेर वापरलेला के आता सापडेना, तशी लगेच कंपायलरने चुकांची रांग लावली. एकेक ओळ दुरुस्त केली. संध्याकाळी आपांनी परत मुलीचा गट घातला. ओ पॉझिटिव्ह, सातवी पिशवी. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून दोनदा वाचलं.

“आता मिरव,” त्या म्हणाल्या. कसली मिरवतेय! गुरुवार जाईपर्यंत मला घास गोड लागला नाही.

शुक्रवारी आपा आल्या, डबा टेबलावर ठेवला. “चढलं गो. ओ पॉझिटिव्हच.”

मी तिथेच, सगळ्यांदेखत रडले.