आमच्या दोघींचा शब्द

आज नव्या तांदळाचं पोतं उघडलं आणि सवयीनं पहिली मूठ नाकाशी नेली. नात हसून म्हणाली, "आजी, तू पण ना, एकदम स्ट्रेंज आहेस." म्हणाली लाडानंच. पण मूठ तशीच राहिली आणि मी मनानं माहेरी, बपेऱ्याच्या आमच्या चुलीपाशी जाऊन पोचले.

स्ट्रेंज हा शब्द माझा आणि माझ्या वर्गमैत्रिणीचा, सुमनचा होता. नववीच्या इंग्रजीच्या पुस्तकात सापडलेला. धानाच्या रोवणीच्या वेळी बांधीत, शेतात, कुणी विचित्र वागलं की आम्ही दोघी चिखलात वाकूनच तो कुजबुजायचो. बाकीच्या बायांना कळायचं नाही, सारी गंमत त्यातच होती.

पुढे सुमन नागपूरला शिकायला गेली. एकदा तिथल्या दोन मैत्रिणींना घेऊन आमच्याकडे जेवायला आली. मी लाखोळीच्या डाळीचे वडे तळले, भातासाठी तांदूळ घेतला आणि आधी हुंगला. मैत्रिणी एकमेकींकडे पाहू लागल्या. तेव्हा सुमन त्यांना हळूच म्हणाली, "शी इज अ बिट स्ट्रेंज."

"काय म्हणून राहिली व सुमन?" आईनं मला विचारलं.

"तांदळाले वास चांगला हाय म्हणते," मी म्हणाले.

सुमन सुटका झाल्यासारखी हसली आणि तिनं आणखी एक वडा मागितला. मी वाढला.

विचित्र तर मी होतेच, आजही आहे. त्याचं काही नाही. पण तो शब्द आम्हा दोघींचा होता हे विसरून, तिनं तो मला कळू नये म्हणून वापरला होता.