धानाच्या लोंब्यांचं झुंबर

२ डिसेंबर. सकाळी काम एकच होतं : पाखरांसाठी धानाच्या लोंब्यांचं झुंबर विणून पडवीत टांगायचं.

पूर्वी आमच्याकडे कापणी झाली की घरोघरी ते टांगलं जायचं. आता धान हार्वेस्टरने कापतात. तणसाचा चुरा होतो, अख्खी लोंबी हाताला लागत नाही. थंडीत चिमण्या पडवीत येऊन रिकाम्या सुपाभोवती फिरतात, आणि ते बघून सासूबाईंनी आठवडाभर माझ्यामागे टुमणं लावलं होतं. शेवटी मी विळा घेऊन शेतातल्या तळ्याकडे, बोडीकाठच्या बांधीत गेले. तिथल्या कोपऱ्यात चिखल होता म्हणून मशीन वळलं नव्हतं. खाटेएवढ्या जागेत धान उभं होतं. एक पेंढी कापून आणली.

"वाळली काडी घेऊ नको वो, तुटते," सासूबाई म्हणाल्या. "आन् कसून वळ. चिमणी बसन त्याच्यावर, तुह्यासारखी उभी नाई राहणार."

तारेच्या कड्याभोवती आम्ही दोघींनी काड्यांची वेणी घातली. विणता विणता त्या लोंबीतले दाणे दातांनी सोलून चघळत होत्या. दाणा भरला की नाही, हे त्या चाळीस वर्षं असंच बघत आल्या आहेत. अकराला झुंबर टांगलं. बारापर्यंत सात-आठ चिमण्या लोंबकळत होत्या.

दोन वाजता धुणं काढायला गेले, तर झुंबराखाली एक चिमणी पडली होती. पाय आखडलेले. दुसरी भिंतीशी पंख फडफडवत गोल फिरत होती. मांजर असतं तर रक्त दिसलं असतं.

माझे दीर अंगणात गाडी पुसत होते. त्यांना विचारलं, बोडीकाठच्या धानाला काही केलंय का?

"बियाण्याले ठेवलं होतं ते, तुडतुडे लागले होते ना, काल संध्याकाळी औषध मारलो. काहून?" मग त्यांची नजर वर झुंबराकडे गेली. "वहिनी, तेथून कापलं काय तुमी?"

मला चिमण्यांचं काही वाटायला वेळच मिळाला नाही. सासूबाईंचं चघळणारं तोंड तेवढं डोळ्यांपुढे आलं.

त्या खाटेवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी त्यांना चूळ भरायला लावली, साबणाने दोघींचे हात धुतले, औषधाची बाटली पिशवीत टाकली. दिरांच्या गाडीवर तिघं बसून लाखनीच्या दवाखान्याकडे निघालो. मध्ये सासूबाई, मागून त्यांना धरून मी. हायवेवर ट्रकांची रांग संपेना. थांबलो तेवढ्या वेळात त्यांचा खांदा थरथरला. गाडीच्या इंजिनाने, की आणखी कशाने, ते मला कळेना.

डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचं वाचलं, डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी धरली. "आजी, किती दाणे खाल्ले?"

"चार-पाच."

"मूठभर तरी," मी म्हटलं.

"ही मोजत होती वाटते!"

"संध्याकाळपर्यंत इथंच ठेवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घाम सुटला, उलटी झाली, तोंडाला लाळ सुटली तर लगेच हाक मारा."

लाळ! त्यांच्या गालात तर चोवीस तास तंबाखू. दर पाच मिनिटांनी थुंकायच्या, आणि दर वेळी मी वाकून थुंकी बघायची. शेवटी मी त्यांची डबी काढून घेतली.

"मरनाऱ्या मानसाची डबी हिसकते," त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाल्या. माझ्याकडे वळून हळूच, "मले काई नाई झालं. तुह्या तोंडाचा रंग पाह्य पहिले."

मी त्यांचं कपाळ पुसून बघायची. कोरडं. पुन्हा बघायची. तीन तासांत किती वेळा, देव जाणे. पेंढी मी कापली होती. दिरांना एका शब्दाने विचारलं नव्हतं, आणि एरवी घरात मीच सगळ्यांना सांगते, विचारून करा म्हणून. नवऱ्याला फोन लावला तो सहाला, डॉक्टरीणबाईंनी घरी जा म्हटल्यावर. त्याआधी काय सांगणार होते?

घरी आल्यावर झुंबर उतरवून पोत्यात बांधलं. दुसरी चिमणीही मेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चहा मागत उठल्या. तो आवाज ऐकेपर्यंत मी चुलीपाशी नुसतीच उभी होते. चहा दिला, डबी परत दिली. मग परसात हातभर खोल खड्डा करून दोन्ही चिमण्या आणि झुंबर पुरलं. पडवी धुतली. बोडीकाठी जाऊन उरलेल्या धानाभोवती काठ्या रोवल्या आणि जुन्या साडीची लाल पट्टी बांधली.

परत येऊन तेलाचा रिकामा डबा चुलीच्या राखेने घासला, दोन बाजूंनी कापला, तार ओवली. कोठीतलं मागच्या साली घरी खायला ठेवलेलं धान त्यात ओतलं. टांगण्याआधी चार दाणे सोलून मी स्वतः चावले आणि सासूबाईंच्या शेजारी खाटेवर बसून राहिले.

"काय वो, काम नाई काय आज?" त्यांनी विचारलं.

"आहे," म्हटलं. अर्ध्या तासाने उठून डबा टांगला.