दोन खड्ड्यांचं अर्थिंग

माझं डोकं मुळात गरम, आणि मशीन ऐकत नाही म्हटलं की विचारूच नका. परदेशीपुरा म्हणजे मिल कामगारांची वस्ती. तिथल्या आमच्या पुढच्या खोलीत मी कंप्यूटरच्या हुकमाने लाकूड कोरणारं सीएनसी मशीन बनवत होते. परदेशी मालाला बाजार नुकता खुला झाला होता. आधी फक्त पुस्तकात दिसणारे सुटे भाग आता दुकानात मिळायला लागले होते, आणि पॉलिटेक्निक झालेल्या मुलीला नोकरी द्यायला कोणी तयार नव्हतं. म्हटलं, चला, आपणच काहीतरी करू.

बाबा मिलमध्ये इलेक्ट्रिशियन. मिल बंद पडली तेव्हापासून त्यांनी टेस्टर हातात धरला नव्हता. घरातला फ्यूज उडाला तरी "तूच बघ गं" म्हणून पेपरात डोकं घालायचे. म्हणून एके दिवशी ते स्वतःहून म्हणाले, "विजेचं पॅनल मी करतो, तू बीच में मत आ," तेव्हा मी मुकाट्याने बाजूला झाले. मला मशीनपेक्षा ते उठले याचाच जास्त आनंद झाला होता.

काम त्यांनी असं केलं की बघत राहावं. तारा मेणाच्या दोऱ्याने बांधल्या, प्रत्येक टोकाला नंबर घातला. मग मागच्या अंगणात दोन खड्डे खणले, कोळसा आणि मीठ भरून लोखंडी पाइप पुरले. एक पॅनलसाठी, एक मशीनसाठी. मिलचा कायदाच तसा होता, अर्थिंग दोन पाहिजेत. एक तुटलं तर दुसरं माणसाला वाचवतं. मोटारींना हुकूम नेणाऱ्या सिग्नलच्या केबलवर बाहेरचा विजेचा गोंधळ अडवायला तांब्याची जाळी असते, तीही त्यांनी दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडली. रोज आंघोळीआधी दोन्ही खड्ड्यांत बादलीभर पाणी ओतायचे. अर्थिंग कोरडं पडू द्यायचं नाही, हा त्यांचा नेम.

आणि मशीन वेड्यासारखं वागायला लागलं. कोरायची मोटार सुरू झाली की कोरणारं टोक भलतीकडेच जायचं. चौकोन काढायला सांगावा तर शेवटची रेघ पहिलीला भेटायचीच नाही. कधी मध्येच सगळं ठप्प. मी कंप्यूटर बदलला, मोटारी उलट्यापालट्या केल्या, डोक्याचा पार भुगा झाला. आईने तर मशीनची दृष्ट काढली. मी हसले, पण थांब म्हणाले नाही.

शेवटी सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "दीदी, अर्थिंग एकाच जागी पाहिजे. जाळी एकाच टोकाला जोडा. दोन जागी जोडली की फालतू करंट त्यातून फिरत राहतो आणि मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला तो हुकूम वाटतो." मी तेच घोकत घरी आले. बाबांचा नियम माणसं जगवणारा, याचा नियम मशीन चालवणारा. चूक कोणाची म्हणायची? आणि बाबांना सांगायचं कसं? सांगितलं तर ते पुन्हा पेपरात डोकं घालतील, या एकाच भीतीने माझी जीभ रेटेना.

एका दुपारी ते दाढी करायला गेले, तेव्हा मी जाळीची मशीनकडची टोकं सोडवून टेप गुंडाळली. मशीनची बॉडी पॅनलच्याच अर्थिंगच्या पट्टीला जोडली आणि दुसऱ्या खड्ड्याची तार काढून टाकली. चौकोन पहिल्याच फटक्यात जुळला. बाबा आले, कोरलेल्या फळीवरून बोट फिरवत म्हणाले, "बघ, डबल अर्थिंगची कमाल." मी मान हलवली. दुसऱ्या दिवशीही त्यांनी दोन्ही खड्ड्यांत पाणी ओतलं, आणि मला चहा गोड लागेना.

महिन्याभराने जवळच्या हातोद गावचा एक दरवाजे बनवणारा सुतार मशीन बघून गेला. म्हणाला, "दीदी, मला पण असंच पाहिजे, वायरिंग बाबूजीच करतील." बाबांनी त्याच संध्याकाळी पिशवीत पक्कड आणि टेस्टर भरला, कोळसा कुठून आणायचा तेही ठरवून टाकलं. आता गप्प बसणं म्हणजे त्यांना परक्या अंगणात तोंडघशी पाडणं होतं. मी पॅनल उघडून त्यांना सगळं दाखवलं, अगदी टेपसकट.

त्यांनी टेपचं एक टोक नखाने उचलून पाहिलं आणि परत चिकटवलं. चिडले असते तर बरं झालं असतं, भांडायला मी तयार होते.

"केव्हा केलंस?"

"महिना झाला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"मिलवाल्यांनी पण तेच केलं," ते म्हणाले. "आतमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं की बंद होणार. मला वाईट वाटेल म्हणून कोणी बोललं नाही. मी आदल्या दिवशीपर्यंत पंख्यांना तेल घालत होतो."