आईनं घातलेले बूट
डाळ मिलच्या भुशाचा वास आला की लातूरमधली ती सकाळ आठवते. बारावीच्या शिकवणीसाठी मी तिथं खोली घेतली होती, स्वयंपाकाला आई सोबत होती. पन्नाशीत तिला बीपी निघालं. डॉक्टरांनी बजावलं की हृदय आणि स्मरणशक्ती सांभाळायची असेल, तर मीठ कमी करा, रोज चाला. दुसऱ्याच दिवशी ती लुगड्यावर माझे बूट घालून निघाली. गल्लीतल्या बाया हसल्या, तसा मी ओशाळून म्हणालो, “आई, लोकं बघायलेत.” “बघू दे. माझ्या आईनं शेवटी मला वळखलं न्हाई. तुझ्यावर ती पाळी येऊ द्यायची न्हाई मला,” म्हणत ती झपाझप पुढं गेली. आता ती ऐंशीची आहे, आणि फोनवर मी नुसता खोकलो तरी नावानं हाक मारते.