माझ्या धनुष्याला काय काय लावलं

माझ्या नवऱ्याला कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी तिच्याबद्दल सगळं कळतं, आणि घेतल्यावर ती वापरायचं काम माझं असतं. स्नोब्लोअर कुठला चांगला यावर तो अजूनही समोरच्याला धरून बौद्धिक घेतो. ड्राइव्हवेवरचा बर्फ मी शोव्हल करते. ब्रेडचं मशीन, टेलिस्कोप, फुगवायची कायाक, सगळं आमच्या बेसमेंटमध्ये खोक्यांसकट पडलेलं आहे आणि प्रत्येकाचे रिव्ह्यू त्याला तोंडपाठ आहेत. म्हणून मी धनुष्य घेतलं तेव्हा त्याला आधी सांगितलंच नाही. घेऊन आले, बेसमेंटमधल्या टेबलावर ठेवलं आणि वर जाऊन कुकर लावला.

धनुष्य म्हणजे शिकारीचं, कंपाउंड बो. दोन्ही टोकांना चाकं, त्यांच्यावरून फिरणाऱ्या दोऱ्या, आणि ओढताना सुरुवातीला जीव काढणारं पण पूर्ण ओढल्यावर एकदम हलकं होणारं. ऑफिसातली माझी एक मैत्रीण किचनर शहराच्या बाहेर शेतावर वाढलेली आहे. तिच्या वडिलांचं तिथेच शेडमध्ये धनुष्यबाणांचं दुकान आहे आणि दुकानामागे त्यांचं स्वतःचं रान. उन्हाळाभर दर शनिवारी मी त्यांच्याकडची जुनी धनुष्यं घेऊन गवताच्या गठ्ठ्यावर बाण मारत होते. शिकारीचा कोर्स केला, परीक्षा दिली, लायसन्स काढलं. शेवटी एक दिवस माझे सगळे बाण जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत बसले. तिचे वडील, म्हणजे आमचे म्हातारबाबा, ते बघून म्हणाले, आता स्वतःचं धनुष्य घे आणि ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी आमच्याबरोबर ये, एक मचाण तुझं.

हा माणूस घरच्यांशिवाय कोणाला रानात पाऊल टाकू देत नाही. हत्याराशी हयगय करणाऱ्याला तर अजिबातच नाही. स्वतःच्या जावयाला त्यांनी असाच एकदा परत पाठवला होता, आणि तो अजून परतच आहे.

मला ते मचाण फार हवं होतं. हसू नका. इतकी वर्षं कॅनडात काढली, पण जे केलं ते कळपाने केलं. कॅम्पिंगला सहा फॅमिल्या, सोबत दोन कुकर आणि पोह्यांचं पातेलं. फॉल कलर्स बघायला चार गाड्या, आणि प्रत्येक झाडाखाली ग्रुप फोटो. झाडावर एकटीने, गप्प बसायला मिळणार, कोणी मला काही सांगणार नाही, एवढीच माझी हौस होती. हरीण मिळालं तर मिळालं.

नवऱ्याने खोकं पाहिलं. पहिला प्रश्न आला, "मला न विचारता?" दुसरा, "आणि ॲक्सेसरीज?"

"बघते मी."

"तू काय बघणार? त्यात किती रिसर्च असतो माहितीय का तुला?"

"काहून, मी काय डोळे मिटून बाण मारून राहिली का?" माझं नागपूर चिडल्यावर बाहेर येतं. तो पुण्याचा. त्याने माझं वाक्य मनातल्या मनात दुरुस्त केलेलं मला दिसलं.

मला काय हवं ते उन्हाळ्यातच ठरलं होतं. बाण टेकवायला ब्रशचं गोल रेस्ट, ज्यात बाण चारी बाजूंनी धरला जातो. झाडावर थंडीत हात थरथरले तर बाण खाली पडायला नको. नेम धरायला तीन पिनांची साइट, एका अंतराला एक पिन; त्या रानात त्याहून लांबचं दिसतच नाही. दोरी सोडायला मनगटाला बांधायचा रिलीज, आणि दोरीत डोळ्यासमोर येणारी बारीक कडी. बास. जास्तीचं प्रत्येक लटांबर हाताला जड होतं, आणि हात माझा आहे.

पण त्याच संध्याकाळी धनुष्याचा फोटो त्याच्या मित्रांच्या ग्रुपवर गेला. हे मित्र म्हणजे चार सॉफ्टवेअरवाले. ह्यांतल्या एकानेही आयुष्यात गोफणसुद्धा फिरवली नसेल. रात्री जेवताना फोन टुणटुण वाजत होता आणि नवरा मला वाचून दाखवत होता. एकजण म्हणे, पाच पिनांची साइट घ्या, फ्यूचर-प्रूफ. दुसरा म्हणे, ब्रशचं रेस्ट अगदी बिगिनर, बाण सुटला की आपोआप खाली पडणारं घ्या. तिसऱ्याने तर लांबच लांब स्टॅबिलायझरची लिंक पाठवली. स्टॅबिलायझर म्हणजे धनुष्य हलू नये म्हणून पुढे लावायचा दांडा. मी विचारलं, एवढा दांडा घेऊन मचाणावर वळू कशी? फांदीत अडकेल ना. त्यावर नवरा म्हणाला, "रेटिंग बघ ना त्याचं."

मी माझ्या यादीतलं तेवढंच आणून लावलं, तरी आठवड्यात खोकी यायला लागली. एक दिवस मी ऑफिसातून आले तर माझं रेस्ट काढून टेबलावर ठेवलेलं आणि धनुष्याला जत्रेतल्या बैलासारखं सजवलेलं. पाच पिना, वर दिवा, पुढे दांडा, बाजूला भाता, मुठीला विणलेला पट्टा. मी उचललं तर मनगट वाकलं. मी पाना घेतला, एकेक काढून परत खोक्यात भरलं आणि माझं परत लावलं. तो शेजारी उभा राहून मला पाना कसा धरायचा ते सांगत होता.

मग आला दसरा. दरवर्षी आमच्या बेसमेंटमध्ये ह्या मित्रांची चार घरं जमतात आणि शस्त्रपूजा म्हणून लॅपटॉपला हळदकुंकू वाहतात. यंदा नवऱ्याला वीरश्री चढली. घरात खरं शस्त्र असताना लॅपटॉप कशाला? मी म्हटलं, ठेव पूजेत, पण दोरीला कुंकू लावायचं नाही आणि धनुष्य कोणी ओढायचं नाही. बाण न लावता दोरी सोडली तर सगळा जोर बाणाऐवजी धनुष्यातच जातो आणि ते फुटतं. हे मी त्याला समोर बसवून सांगितलं.

"अगं, मला माहितीय. मी सगळे व्हिडिओ बघितलेत."

मी वर मसालेभात ढवळत होते. खालून आरती ऐकू आली, मग हशा, मग कोणीतरी ओरडलं, "अरे, टणत्कार तरी होऊ दे." आणि मग असा आवाज झाला की माझ्या हातातला झारा पडला.

इथल्या शेतावरच्या पोराला विचारा, रिकामी दोरी कधी सोडायची नसते हे त्याला चालायला लागल्यापासून माहीत असतं. आमच्याकडे उलटं. धनुष्य म्हटलं की आधी टणत्कार. कीर्तनात तेच, टीव्हीवरच्या मालिकांत तेच, शाळेच्या गॅदरिंगमध्येही पुठ्ठ्याचं धनुष्य घेऊन आधी दोरी वाजवायची आणि मग संवाद म्हणायचा. बाण कोणाला हवाय. आमच्या वीराने पाटावरचं धनुष्य उचललं, कपाळाला टिळा, खांद्यावर उपरणं, फोटोला पोझ दिली, बोटांनी दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडली.

मी खाली गेले तेव्हा दोऱ्या चाकांवरून उतरून लोंबत होत्या. धनुष्याची वरची पाती उभी चिरली होती. माझ्या तीन पिनांपैकी एक समईत पडली होती.

"डिफेक्टिव्ह पीस असणार," नवरा म्हणाला.

"रिटर्न कर ना," त्यांतला एक मित्र म्हणाला. त्याच्या बायकोने दृष्ट लागल्याचं निदान केलं. मग सगळ्यांनी एकमेकांना आपट्याची म्हणून मेपलची पानं दिली, सोन्यासारखे राहा म्हणाले आणि वर येऊन श्रीखंडावर तुटून पडले. एकानेही मला विचारलं नाही की आता शनिवारचं काय. मी वाढलं सगळ्यांना. मला त्या प्रत्येकाच्या ताटाची किळस आली, आणि वाढणाऱ्या माझ्या हाताचीही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. म्हातारबाबांनी धनुष्य हातात घेतलं, चिरेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, रिकामं कोणी सोडलं?

मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "माय वाइफ. शी इज अ बिगिनर." वर हसलासुद्धा, बायकांचं काय सांगावं अशा अर्थाने.

म्हातारबाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग परवडला असता. त्यांनी धनुष्य हळूच काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, मग यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू.

नवऱ्याला ते मचाण माहीत होतं. तारीख माहीत होती. जावयाची गोष्ट मीच त्याला सांगितली होती. मी त्याच्याकडे बघत राहिले. आता बोलेल, निदान आता तरी बोलेल, असं मला वाटलं. ह्या माणसाबरोबर संसार केलाय मी, तेवढी आशा करायचा हक्क होता मला. त्याने भिंतीवरचा एक स्टॅबिलायझर काढला आणि त्याचं वजन बघायला लागला.

मी त्याचा डावा हात धरला, जॅकेटची बाही कोपरापर्यंत वर केली आणि तो हात काउंटरवर ठेवला. मनगटापासून आतल्या बाजूने दोरीचा जांभळा वळ उठला होता. आदल्या रात्री मीच त्यावर बर्फ धरून बसले होते. माझे दोन्ही हात मी त्याच्या शेजारी ठेवले. स्वच्छ होते.

मग म्हातारबाबा आत गेले आणि उन्हाळ्यात मी वापरलेलं जुनं धनुष्य घेऊन आले. मला म्हणाले, शनिवारी उजाडायच्या आत ये. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

गाडीत बसल्याबरोबर नवरा म्हणाला, "चार लोकांत इज्जत घालवलीस माझी."

"एकच माणूस होता तिथे."

"एवढ्याशा गोष्टीसाठी? घरी आल्यावर सॉरी म्हटलं असतं मी."

"मग आत्ता म्हण."

त्याने इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्यावर घेतली. घर येईपर्यंत विंटर टायर्स कुठले घ्यायचे ते मला सांगत होता.

शनिवारी मी मचाणावर दिवसभर बसले. एक हरिणी दोन पिल्लांना घेऊन लांबून गेली, मी धनुष्य उचललं नाही. वारा होता, बोटं गारठली होती. संपूर्ण दिवसात मला कोणी काही शिकवलं नाही, कोणी दुरुस्त केलं नाही, माझ्या वतीने कोणी बोललं नाही. संध्याकाळी म्हातारबाबा मचाणाखाली येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, चल, अंधार पडला, घरी जायची वेळ झाली. मी हो म्हटलं, आणि बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनी परत हाक मारली. तेव्हा मला कळलं की मी केव्हाची रडते आहे, आणि मला घरी जायचं नाहीये.