आतल्या हवेची झडप

भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये मी हवा खात्यात होतो. खात्याचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं, पण सगळे आम्हाला 'हवावाले' म्हणत. घराएवढे पंखे, माणूस उभा चालेल असे पत्र्याचे डक्ट आणि त्या डक्टांतल्या झडपा यांची देखभाल हे माझं काम. झडपेला आम्ही डॅम्पर म्हणायचो. कोणती हवा आत घ्यायची आणि कोणती बाहेर टाकायची, हे मी वीस वर्षं सहीशिक्क्यानिशी ठरवत आलो होतो. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे झालं त्यात माझी बाजू किती लंगडी होती ते कळेल.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही तेव्हा मध्य प्रदेशात होतो, म्हणजे भिलाईतच, फक्त छत्तीसगड वेगळं व्हायचं होतं आणि राजधानी भोपाळला होती. एक वरिष्ठ साहेब रिटायर होऊन पुण्याला निघाले आणि त्यांची पांढरी गाडी मी घेतली. गाडीत एसी होता. आमच्या सेक्टरमध्ये स्कूटर प्रत्येकाकडे होती, मोटारी बोटावर मोजण्याइतक्या, आणि एसीची मोटार माझी एकट्याची. गाडी घरी आली त्या दिवशी बायकोने ओवाळलं, आणि ओवाळताना विचारलं, "हे थंडं करते न खरंच?"

एसी सुरू व्हायचा. आवाज यायचा, वाराही यायचा. पण तो वारा गरम असायचा. डॅशबोर्डावर एक छोटा खटका होता, त्याच्या दोन्ही टोकांना चित्रं. एका चित्रात बाण बाहेरून गाडीत शिरत होता, दुसऱ्यात बाण गाडीतल्या गाडीत गोल फिरत होता. खटका कुठेही सरकवला तरी फरक पडत नव्हता. दोन दिवसांत मी निदान केलं: झडप बाहेरच्या हवेवर अडकली आहे. आता मे महिन्यात भिलाईची बाहेरची हवा म्हणजे ऊन, भट्टीची धग आणि तांबडी धूळ यांचं मिश्रण. ते सगळं आमच्या एसीतून गाळून न घेता थेट तोंडावर यायचं. सिव्हिक सेंटरच्या बाजारात जाऊन आलो की रुमाल विटकरी व्हायचा.

तरी मी काचा बंद ठेवायचो. एसीची गाडी आणि काचा खाली, हे कसं दिसेल?

"अहो, काच खाली करा न," बायको पदराने वारा घेत म्हणायची, "जीव जाऊन राहिला माझा."

"लोक पाहून राहिले," मी म्हणायचो.

"मग हसू का मी त्यायच्याकडे पाहून?"

आणि ती खरंच हसायची, घामाने निथळत. ओळखीचे लोक स्कूटरवरून हेव्याने पाहायचे. मोकळ्या वाऱ्यावर आरामात चाललेले ते लोक.

गाडी मेकॅनिककडे न्यायला मी तयार नव्हतो. हवावाल्याच्या गाडीची हवा दुसऱ्याने दुरुस्त केली, ही बातमी प्लांटमध्ये पहिल्या शिफ्टच्या आत पसरली असती. शिवाय सासू-सासरे यायचे होते. सासरेबुवा भंडाऱ्याकडच्या एका गावात हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी माझ्याशी ते पुस्तकातल्यासारखं बोलत. "जावईबापू, आपली प्रकृती कशी आहे?" घरात सगळ्यांशी ते आपल्या झाडीकडच्या बोलीत बोलायचे, माझ्याशी मात्र शुद्ध. मला ते कायम परीक्षेला बसवल्यासारखं वाटायचं, आणि माझी समजूत होती की मी पंधरा वर्षं काठावर पास होतोय. या वेळी त्यांना दुर्ग स्टेशनवरून थंडगार गाडीत घरी आणायचं, असं मी ठरवलं होतं.

रविवारी सकाळी शेजारच्या क्वार्टरमधल्या भाऊंना बोलावलं. ते प्लांटच्या इलेक्ट्रिकल शॉपमध्ये होते, मूळचे गोंदियाचे. त्यांचा एक गुण होता, त्यांना कोणतीही वस्तू उघडायला आवडायची. दुसरा गुण, म्हणजे ती परत लावायचा, तेवढा पक्का नव्हता.

"टेन्शन मत लो," ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले, "अर्ध्या घंट्याचं काम हाय."

मी रीतसर सुरुवात केली. बॅटरीची वायर काढली, एका कागदावर कामाचे टप्पे लिहिले, खाली सही केली. सवयच होती. भाऊंनी तोवर डाव्या बाजूचा खण डॅशबोर्डातून उपटला होता. त्यामागे ब्लोअरचा काळा डबा, आणि डब्यावर ती झडप, माझ्या तळहाताएवढी. प्लांटमध्ये मी ज्या झडपा सांभाळायचो त्या हलवायला चार माणसं लागत. ही एका बोटाने हलायला हवी होती, पण हलेना.

दुपारी दोनपर्यंत आम्ही दोघं आळीपाळीने गाडीत डोकं खाली, पाय वर करून पडून होतो. खटक्यापासून झडपेपर्यंत येणारी तार हुकातून सुटली होती, आणि झडपेच्या फटीत कडुलिंबाचा वाळका पाला इतका गच्च बसला होता की मागच्या साहेबांनी आयुष्यभर झाडाखालीच गाडी लावली असावी. पाला काढला, तार हुकात अडकवली. खटका सरकवला तशी झडप 'टक्' करून बसली. त्या आवाजाने मला जे समाधान दिलं ते माझ्या शेवटच्या प्रमोशननेही दिलं नव्हतं.

भाऊ म्हणाले, "टेस्टिंग करू." त्यांनी बॅटरीची वायर जोडली, इंजिन सुरू केलं, आमच्या देवघरातली उदबत्ती आणली, ब्लोअर पूर्ण जोरावर लावला आणि पुढच्या सीटच्या पायाशी उदबत्ती धरली. धूर सरळ वर, डॅशबोर्डाखालच्या चौकोनी तोंडात ओढला गेला. आतली हवा आत फिरत होती. दहा मिनिटांत गाडीत थंडी वाजायला लागली. आम्ही दोघांनी हात मिळवले.

सगळं लावून झाल्यावर तीन स्क्रू आणि प्लास्टिकची एक जाळी उरली.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"एक्स्ट्रा असंन," भाऊ म्हणाले. "चलते न गाडी? मग छोड दो."

मी ती जाळी आणि स्क्रू बिस्किटाच्या डब्यात टाकले. प्लांटमध्ये कुणी असं केलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता.

गुरुवारी दुपारी आम्ही दुर्ग स्टेशनवर गेलो. सासरेबुवा धोतर-कोट-टोपीत, सासूबाई दोन ट्रंका आणि एक मोठी कापडी पिशवी घेऊन. पिशवीत भिवापुरी मिरचीचं ताजं कुटलेलं तिखट होतं. भिलाईच्या बाजारातल्या मिरचीला तिखट म्हणणं सासूबाईंना मान्य नव्हतं, म्हणून दर वर्षी त्या लेकीसाठी वर्षाचं तिखट आणायच्या. ट्रंका डिकीत गेल्या. पिशवी सांडेल म्हणून सासरेबुवांनी ती पुढे, स्वतःच्या पायांशी ठेवली आणि हवा लागावी म्हणून तिचं तोंड थोडं सैल केलं.

"जावईबापू, वाहन उत्तम आहे," ते बसता बसता म्हणाले.

"आता थंडावा पाहा, मामाजी," मी म्हणालो, चारही काचा बंद करवल्या आणि ब्लोअर पूर्ण जोरावर टाकला.

पहिली दोन-तीन मिनिटं फार चांगली गेली. थंड झुळूक आली, सासूबाई "बाई बाई!" म्हणाल्या, बायकोने आरशातून माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. मग सासरेबुवा एकदा शिंकले. मग सासूबाई. मग बायको. मी विचार केला, थंडीची सवय नाही. पुढच्या क्षणी माझ्याच नाकात जाळ झाला.

उदबत्तीचा धूर ज्या तोंडात गेला होता, त्याच तोंडाखाली आता वर्षभराचं तिखट होतं. पंखा ते ओढत होता आणि चारही झरोक्यांतून आम्हाला सारखं वाटत होता. बाहेर एक कणही जात नव्हता. काम पक्कं झालं होतं.

मला डोळे उघडता येईनात. ब्रेक कुठे, खटका कुठे, काही समजेना. आणि तेवढ्यात बाजूने सासरेबुवांचा आवाज आला, असा पंधरा वर्षांत त्यांनी माझ्यावर कधी काढला नव्हता.

"अरे थांबव न लेका! मारतं काय आमाले! थांबव मनतो न!"

मी गाडी रस्त्याच्या कडेला झाडाखाली घातली. चारही दारं एकदम उघडली. सासरेबुवांची टोपी पडली, सासूबाई झाडाला धरून रडू लागल्या, बायको पदर तोंडाला लावून, मी खाली बसून. नेमकी शिफ्ट सुटलेली. सायकलवरचे कामगार एकेक करून थांबले. कुणी आपली टोपी काढली. एका म्हाताऱ्याने सायकल स्टँडवर लावली आणि सासूबाईंना अगदी मायेने विचारलं, "कोन बीत गे, दाई?"

सासूबाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी गाडीकडे बोट दाखवलं. म्हातारा वाकून मागच्या सीटवर प्रेत शोधायला लागला आणि तिथेच त्यालाही शिंका सुरू झाल्या. मग काय झालं ते सगळ्यांना कळलं. एकाने आपल्या बाटलीतलं पाणी आमच्या डोळ्यांवर मारलं. कुणी हसलं नाही, निदान आम्ही निघेपर्यंत तरी.

घरी आलो ते काचा खाली करून, पिशवी डिकीत टाकून. सासरेबुवा वाटभर खिडकीबाहेर तोंड काढून बसले होते. मला वाटलं, आता काठावरूनही गेलो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी मी सुट्टी टाकली आणि एकट्यानेच खण उघडला. भाऊंना बोलावलं नाही. आतली थंड नळ्यांची जाळी ओली होती आणि तिच्यावर तिखटाचा लाल लेप बसला होता. नाकाला रुमाल बांधून मी जुन्या ब्रशने घासत होतो, तेवढ्यात सासरेबुवा स्टूल घेऊन शेजारी येऊन बसले. धोतर खोचलेलं, हातात पाण्याचा मग.

"मी वततो पाणी, तू घास," ते म्हणाले.

तू. मी वर पाहिलं. ते पाणी ओतण्यात गुंतले होते.

"तुमचं हेच काम न प्लांटात?" बायको चहा घेऊन आली. तिच्या हातात बिस्किटाचा डबा होता. "मग हे काय हाय?" तिने ती जाळी काढली, गाडीत वाकली आणि त्या चौकोनी तोंडावर लावून दाबली. जाळी जागेवर घट्ट बसली. तिन्ही स्क्रूंची भोकं तंतोतंत जुळली.

"कावून नाई लावली मंग?" सासरेबुवांनी मला विचारलं.

"एक्स्ट्रा वाटली, मामाजी."

ते आधी जाळीकडे, मग माझ्याकडे पाहून हसायला लागले. इतके, की मगातलं पाणी त्यांच्याच धोतरावर सांडलं. मीही हसलो. नंतर स्क्रू त्यांनीच पिळले, आणि पिळताना आपण शाळेचा पंप एकदा कसा उघडला आणि परत लावताच आला नाही, ते सांगितलं. ही गोष्ट बायकोलाही माहीत नव्हती.

रविवारी आम्ही सगळे दुर्गच्या पद्मनाभपूरला सासरेबुवांच्या भाच्याकडे जेवायला गेलो. एसी छान चालला. सेक्टर ओलांडायच्या आधीच सासूबाईंनी मागून सांगितलं, "मले थंडी वाजून राहिली, बंद करा ते." बंद केला.

जेवण झाल्यावर सासरेबुवांनी भाच्याला आणि त्याच्या शेजाऱ्यांना सगळी हकिकत ऐकवली. त्यात झडप अडकली होती ती तिखटानेच, आणि ती सोडवली होती त्यांनी आणि मी. "आमी दोघायनं खोलली गाडी," ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "हा घासत होता अन् मी सांगत होतो." मी मान हलवली आणि म्हणालो, "हाव, मामाजी."