उन्हात वाळलेली पानं

सीताफळाच्या पानांचा उग्र वास आला की मला बुऱ्हाणपूरच्या शनवारा मोहल्ल्यातली ती गच्ची आठवते. गल्लीत तेव्हा नुकतीच केबल आली होती. कॅन्सर होऊच नये म्हणून उपयोगी पडेल असं काही पानांत सापडतं का, यावर मी संशोधन करत होते आणि घरमालकीण काकींच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. पानं सावलीतच वाळवायची, उन्हाने त्यांतलं हवं ते द्रव्य मरतं. हप्ताभर रोज उलटत ठेवलेली ती पानं एका दुपारी खोलीत दिसेनात. वर जाऊन पाहते तर काकींनी वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या-पापडांशेजारी, काकांच्या जुन्या धोतरावर ती पसरली होती. पार तपकिरी पडली होती. मी ओरडलेच, "काकी, सगळं वाया गेलं!" त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. "बेटा, तूच म्हणालीस ना, पानं सुकली की काम सुरू? म्हटलं उन्हात जल्दी सुकतील. यांच्याजवळ टाइम कुठे आहे?" खाली काका तोंडाच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळले होते. माझं काम अजून आजारी न पडलेल्यांसाठी आहे, हे मी काकींना कधी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकींनी कुठूनशी ताजी पानं आणली, माझ्या खोलीत सावलीला एकेक करून मांडली आणि हळूच विचारलं, "यांच्यापुरती होतील ना?" मी "हो" म्हटलं. वहीत लिहिलं, पहिला नमुना वाया, कारण ऊन. आता विद्यार्थ्यांना मी बजावते की जे घडलं ते सगळं नोंदवा. ते "हो" मात्र माझ्या कुठल्याच वहीत नाही.